जुनं रिकर्व्ह धनुष्य घेताना आणि वापरताना

जुन्या सामानाच्या विक्रीत किंवा ऑनलाइन जाहिरातीत लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य दिसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या कंपनीचं आहे?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की हे अजून ओढण्याजोगं आहे का? नामांकित कंपनीचं, पण लिम्बला, म्हणजे वाकणाऱ्या हाताला, आडवी चीर गेलेलं धनुष्य भिंतीवर टांगण्यापलीकडे कामाचं नाही. उलट नावगाव पुसलं गेलेलं, पण अंगाने धडधाकट असलेलं धनुष्य पुढची कित्येक वर्षं मनापासून वापरता येतं. म्हणून आधी प्रकृती, मग कुळ, आणि त्यानंतर त्याला दोरी-बाणाची योग्य जोड, याच क्रमाने सांगतो.

इथे जुनं म्हणजे साधारण 1950 ते 1975 या काळातलं, मुख्यतः अमेरिकेत बनलेलं, एकसंध रिकर्व्ह. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास हाताशी आलं आणि धनुष्य बनवणाऱ्यांनी ते लाकडावर चिकटवायला सुरुवात केली. नुसतं लाकडी धनुष्य सततच्या वापराने वाकून बसायचं, नाहीतर मोडायचं. अमेरिकेतले धनुष्य बनवणारे फ्रेड बेअर यांच्या कंपनीने आधी लिम्बमध्ये ॲल्युमिनियमची पट्टीही वापरून पाहिली होती. टिकलं ते मात्र फायबरग्लास. पुढची दोन दशकं अमेरिकेतल्या कारखान्यांतून अशी धनुष्यं प्रचंड संख्येने बाहेर पडली. मग 1969 मध्ये हॉलेस विल्बर ॲलन यांना कप्प्यांच्या कंपाऊंड धनुष्याचं पेटंट मिळालं, आणि बघता बघता शिकारी तिकडे वळले. रिकर्व्ह कपाटात, गॅरेजात, माळ्यावर गेली. आज विकायला येतात ती तिथूनच. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच कारखान्यात बनलेल्या दोन धनुष्यांमध्येही जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. एक घरातल्या कपाटात पडून होतं, दुसऱ्याने तापलेल्या पत्र्याखाली उन्हाळे काढले.

आत काय असतं

मधला जाड, मुठीचा भाग म्हणजे रायझर. त्याच्या वर आणि खाली जे दोन वाकणारे हात, ते लिम्ब. प्रत्येक लिम्बच्या पोटात बहुधा मेपलच्या पातळ पट्ट्या असतात आणि दोन्ही अंगांना फायबरग्लासचा थर. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडचा थर ताणला जातो, तुमच्याकडचा दाबला जातो. हा सगळा भार मुख्यतः फायबरग्लास सोसतं. लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतं. आणि हे सगळं एकत्र धरलेलं असतं गोंदाने. म्हणूनच जुनं धनुष्य पाहताना लाकडाच्या चकाकीपेक्षा गोंदाच्या रेषांकडे जास्त बघायचं. उष्णतेने सगळ्यात आधी घात होतो तो तिथेच.

लिम्बची टोकं लक्ष्याच्या दिशेने वळलेली असतात, आणि रिकर्व्हची सगळी खुबी या वळणात आहे. दोरी चढवलेली असताना ती टोकाजवळ काही इंच लिम्बच्या अंगाला टेकून असते. ओढायला सुरुवात केली की पहिल्या काही इंचांतच चांगला जोर लागतो. पुढे दोरी लिम्बवरून सुटत जाते, वळलेलं टोक उलगडतं आणि तरफ लांब होते. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन इंचांत भार एकदम अंगावर येत नाही. तेवढ्याच पाउंडच्या, म्हणजे ओढायला तेवढाच जोर लागणाऱ्या, सरळ धनुष्यापेक्षा यात ऊर्जा जास्त साठते ती यामुळेच, आणि ओढायलाही मऊ वाटतं.

याच वळणामुळे एक घोटाळा मात्र सर्रास होतो. ज्याने रिकर्व्ह कधी हाताळलं नाही, त्याला टोकं आपल्याकडे असावीत असं वाटतं आणि तो दोरी उलट्या बाजूने चढवतो. विक्रीच्या फोटोंमध्ये अशी धनुष्यं नेहमी दिसतात. सगळं धनुष्य एकच मोठी कमान झालेलं आणि दोरी लिम्बला कुठेही न टेकता टोकापासून टोकापर्यंत ताठ. बरोबर चढवलेल्या धनुष्यात टोकं धनुर्धरापासून दूर वळलेली असतात आणि दोरी तिथे लिम्बवर विसावलेली दिसते. उलटं चढवलेलं धनुष्य कुणी ओढून पाहिलं नसेल तर अनेकदा वाचतं. ओढलं असेल तर ज्या थराने दाब सोसायचा त्याला ताण बसलेला असतो, आणि अशा धनुष्याची तपासणी दुप्पट काळजीने करायची. असा फोटो दिसला तर विकणाऱ्याला आधी एवढंच सांगा, की दोरी लगेच उतरवा आणि कुणालाही ओढू देऊ नका.

तपासणी: इथे घाई नको

सुरुवात दोरी न चढवता. धनुष्य आडवं धरा आणि कापसाचा एक बोळा लिम्बच्या दोन्ही अंगांवरून आणि कडांवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे फायबरग्लासचा तंतू उचललेला असेल तिथे कापूस अडकतो. हे काम बोटाने करू नका. काचेची ती कुसळं कातडीत शिरली की निघता निघत नाहीत.

मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च लिम्बला जवळजवळ समांतर धरून कडेच्या रेषा पाहा. कडेवर लाकूड आणि फायबरग्लास यांच्या पट्ट्या एकावर एक दिसतील. त्यांच्यामध्ये काळी फट, धूळ भरलेली रेघ किंवा नंतर ओतलेल्या गोंदाचे वाळलेले थेंब दिसले तर तिथे थर सुटायला लागलेत. शंका असेल त्या जागी नखाने किंवा नाण्याच्या कडेने हलकेच टकटक करत पुढे सरका. पोकळ झालेला गिलावा वाजवला की जसा बद्द आवाज येतो, तसाच थर सुटलेल्या जागी येतो. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रायझर उताराने बारीक होत लिम्बमध्ये मिसळतो त्या जागेला. तिथे सर्वाधिक ताण येतो. त्या जागी थर सुटलेला दिसला तर मी ते धनुष्य वापरण्यासाठी घेत नाही, मग ते कितीही देखणं असो.

आता रेघांबद्दल थोडं सविस्तर, कारण याच ठिकाणी चांगली धनुष्यं नाकारली जातात आणि वाईट घेतली जातात. साठच्या दशकातल्या बऱ्याच धनुष्यांच्या लिम्बवर लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक रेघा दिसतात. फायबरग्लासचे तंतूही लांबीच्याच दिशेने असतात. त्यामुळे या रेघा बहुधा तंतूंच्या मधल्या राळेत किंवा नुसत्या वरच्या व्हार्निशमध्ये पडलेल्या असतात. नख त्यांच्यावरून आडवं फिरवा. नख अडत नसेल, रेघ कडेपर्यंत गेलेली नसेल, वाकवल्यावर उघडत नसेल, तर अशा रेघांसकट धनुष्यं वर्षानुवर्षं चालतात. आडव्या रेघेची गोष्ट वेगळी. लिम्बच्या रुंदीच्या दिशेने चीर असेल, विशेषतः तुमच्याकडच्या अंगाला फिकट, सुरकुतल्यासारखी आडवी खूण असेल, तर तिथे तंतूच तुटलेत. त्यावर उपाय नाही. गोंद ओतून, दोरा गुंडाळून कुणी ते झाकलं असेल, तर त्याचा अर्थही तोच.

टोकांवरच्या खाचा पाहा. दोरीचा फास तिथे बसतो. खाचेची कड उडालेली असेल किंवा तिच्या तळापासून चीर निघाली असेल तर ती वाढतेच. रायझरवर स्क्रूची भोकं असतील तर बिचकू नका. त्या काळात नेमदर्शक लावायला लोकांनी सर्रास भोकं पाडली. जाड भागातली लहान भोकं निरुपद्रवी असतात, फक्त संग्राहकांच्या नजरेत किंमत उतरते. लिम्बमध्ये किंवा बाणाच्या खिडकीशी, म्हणजे बाण जाण्यासाठी रायझरच्या एका बाजूला कापलेल्या जागेशी, रायझर सगळ्यात अरुंद होतो तिथे भोक असेल तर मात्र नको.

एवढं पार पडलं की दोरी चढवायची, तीही स्ट्रिंगरने. स्ट्रिंगर म्हणजे दोन्ही टोकांना टोप्या किंवा फास असलेली मजबूत दोरी. तिच्यावर पाय देऊन धनुष्य वर उचललं की दोन्ही लिम्ब सारखे वाकतात. धनुष्यात पाय घालून, मांडीवर वाकवून दोरी चढवण्याची जुनी पद्धत होती, आणि वाकडे झालेले अनेक लिम्ब तिचीच देणगी आहेत. पीळ पाहायचा तर धनुष्य उभं धरून दोरीच्या बाजूने एक डोळा मिटून बघा. दोरी वरच्या लिम्बच्या मधोमध, रायझरच्या मुठीवरून आणि खालच्या लिम्बच्या मधोमध गेली पाहिजे, आणि टोकाजवळ तिच्यासाठी कोरलेल्या पन्हाळीत बसली पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर तो लिम्ब पिळलेला आहे. थोडा पीळ निघू शकतो. दोरी उतरवून लिम्ब गरम पाण्याने कोमट करायचा, हाताने उलट दिशेला हलका पीळ देऊन गार होईपर्यंत तसाच धरायचा, आणि हे संयमाने पुन्हा पुन्हा करायचं. दोरी टोकावरून निसटायच्या बेतात असेल इतका पीळ असेल, तर नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

दोरीपासून दोन्ही लिम्बच्या बुडापर्यंतचं अंतरही मोजा. वरचं अंतर खालच्या इतकंच किंवा पाव इंचापर्यंत जास्त असणं ठीक. अर्धा इंच किंवा त्याहून जास्त फरक म्हणजे एक लिम्ब थकलाय.

शेवटी ओढून पाहणं. डोळ्यांवर चष्मा, आसपास कुणी नाही. आधी पाच-सहा इंच ओढून हळूच परत न्या, असं बऱ्याच वेळा. मग निम्म्यापर्यंत, मग पूर्ण. कान उघडे ठेवा. "टक्" असा कोरडा आवाज आला की थांबा, दोरी उतरवा आणि पुन्हा कापूस-टॉर्च. बाण न लावता दोरी सोडायची नाही, एकदाही नाही. बाणात जायची ती सगळी ऊर्जा लिम्बमध्ये परत येते, आणि जुना गोंद ती सोसेलच असं नाही.

अंगावरचं लिखाण

प्रकृती ठीक निघाली की मग ओळख. लिखाण बहुधा खालच्या लिम्बच्या आतल्या अंगाला रायझरजवळ, नाहीतर रायझरच्या कुशीवर खिडकीखाली असतं. कारखान्यातल्या माणसाने शाईने, हाताने लिहिलेलं आणि त्यावर व्हार्निशचा थर. फिकट झालं असेल तर प्रकाश तिरपा पाडा, फोटो काढून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवा. बऱ्याचदा अंक उमटतात.

समजा तिथे 60 आणि 45# दिसलं. 60 ही इंचांतली लांबी. # हे पाउंडाचं चिन्ह. म्हणजे दोरी 28 इंच ओढल्यावर बोटांवर 45 पाउंड भार. सोबत एएमओ ही अक्षरं असतील तर ती अमेरिकेतल्या धनुष्य उत्पादकांच्या संघटनेच्या मापपद्धतीची खूण. ती साधारण साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागते. आरएच किंवा एलएच म्हणजे उजव्या किंवा डाव्या हाताचं. ही अक्षरं नसतील तर धनुष्य नेमबाजी करताना धरतात तसं धरा. बाणाची खिडकी रायझरच्या डाव्या अंगाला कापलेली असेल तर ते डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचं, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचं. हे विकत घेण्याआधीच बघा. फोटोत उलटसुलट वाटून लोक चुकीचं घेऊन बसतात.

वर्ष ओळखताना सगळ्यात जास्त फसवणारं लिखाण बेअर कंपनीच्या धनुष्यांवर आहे. पेटंट क्रमांक 2,613,660 आणि त्याच्याशेजारी "कॅनडा 1953". हे वाचून कितीतरी जण आपलं धनुष्य 1953 चं म्हणून विकतात, आणि घेणारेही विश्वास ठेवतात. ते वर्ष कॅनडातल्या पेटंटचं आहे. पुढे बरीच वर्षं तीच ओळ नव्या धनुष्यांवर छापली जात राहिली. कुठल्याही कंपनीच्या बाबतीत हे लक्षात ठेवा: पेटंटवरून धनुष्य "त्याआधीचं नाही" इतकंच कळतं.

बेअरचं खरं वय कळायला गाव आणि नाणं जास्त उपयोगी. कंपनी 1947 मध्ये मिशिगनमधल्या ग्रेलिंगला गेली आणि 1978 मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला. त्यामुळे गेन्सव्हिल छापलेलं धनुष्य 1978 च्या आधीचं असू शकत नाही. 1959 पासून रायझरमध्ये अस्वलाचं चित्र असलेलं धातूचं गोल नाणं बसवायला लागले. बोट फिरवलं आणि नाणं लाकडाच्या पातळीत सपाट लागलं तर धनुष्य साधारण 1972 पर्यंतचं. वर उठून लागलं तर त्यानंतरचं. नाण्याचा धातूही काळानुसार बदलत गेला, आणि सपाट नाण्यांमध्ये पितळी ही शेवटची. 1965 ते 1969 मधल्या बऱ्याच बेअर धनुष्यांत अनुक्रमांकाचा पहिला अंक हा वर्षाचा शेवटचा अंक असतो. 7 ने सुरू झाला तर 1967. मॉडेलची नावं लिम्बवर मोठ्या अक्षरांत असतात: ग्रिझली, कोडियाक, सुपर कोडियाक, आणि अवघं 52 इंचांचं कोडियाक मॅग्नम.

बेअरबद्दल इतकं लिहिलं ते त्यांची धनुष्यं सर्वाधिक सापडतात म्हणून. तीच सर्वोत्तम असं मुळीच नाही. आर्कान्सामधल्या पाइन ब्लफचं बेन पीअर्सन, मिशिगनमधल्या कॅलमॅझूचं शेक्सपिअर (हो, मासेमारीच्या गळकाठ्या बनवणारी तीच कंपनी), मिनेसोटातल्या वसीकाचं हर्टर्स, टेक्ससमध्ये बॉब ली यांनी सुरू केलेलं विंग, मिझुरीतल्या अर्ल हॉइट यांची नेमबाजीची लांब धनुष्यं, ही सगळी उत्तम कामं आहेत. माझं मन सर्वात जास्त रमतं ते वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथल्या डेमन हावॅटच्या धनुष्यांत. लिम्ब सडपातळ, टोकांपर्यंत निमुळते होत गेलेले, आणि लिखाण हाताने केलेलं. 1976 मध्ये ही कंपनी मार्टिनकडे गेली, त्यामुळे मार्टिनचं नाव दिसलं तर धनुष्य त्यानंतरचं. सीअर्ससारखी मोठी दुकानं दुसऱ्यांकडून बनवून घेतलेली धनुष्यं स्वतःच्या नावाने विकत. त्यांच्यात मूळ निर्माता शोधणं अवघड, पण वापरायला ती अनेकदा छान असतात.

कुठलंही धनुष्य असो, त्याला सॅंडपेपर लावू नका. ते लिखाण व्हार्निशच्या थरात आहे. व्हार्निश घासलं की धनुष्याचं नाव, माप, पाउंड सगळं भुशात जातं. ओलसर फडकं, सौम्य साबण, कोरडं पुसणं, वर मेणाच्या पॉलिशचा पातळ हात. इतक्यानेच रोझवूडचा लालसर रंग आणि झेब्रावूडचे पट्टे पुन्हा उठून दिसतात.

पाउंड कमी, मजा जास्त

त्या काळातली बहुतेक धनुष्यं शिकारीसाठी विकली गेली, म्हणून 40 ते 55 पाउंडची धनुष्यं भरपूर सापडतात. नवशिक्याने त्यांच्या मोहात पडू नये असं मी अगदी ठामपणे सांगेन. 50 पाउंडचं धनुष्य एकदा ओढता येणं वेगळं. ते स्थिर धरून, नेम घेऊन, तासभर चालवणं वेगळं. 25 ते 35 पाउंडमध्ये शिकलेला माणूस नीट शिकतो. जास्त पाउंडवर सुरुवात करणारा खांदे वर चढवून, दोरी लवकर सोडून द्यायला शिकतो, आणि ती खोड मोडायला फार दिवस जातात.

लिहिलेले पाउंड 28 इंचांवरचे आहेत, तुमच्या हातांवरचे नाहीत. दोन्ही हात बाजूला पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि अडीचने भागा. तुमची ओढ अंदाजे तेवढी येते. दर इंचाला दोन-तीन पाउंड कमी-जास्त होतात. म्हणजे 26 इंच ओढणाऱ्याला 45 चं धनुष्य साधारण 40 चं लागेल. सामानाच्या वजनकाट्याला दोरी अडकवून खरं वजन पाहता येतं, आणि ते पाहावं, कारण काही जुनी धनुष्यं वर्षानुवर्षं दोरी चढवलेली राहून ढिली पडलेली असतात.

लांबीचाही विचार करा. 52-54 इंचांचं आखूड धनुष्य झाडीत फिरायला सोयीचं, पण पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटं चिमटतात. 60 ते 66 इंचांचं धनुष्य बोटांना सुखाचं आणि चुका जास्त पोटात घालणारं.

दोरी आणि बाण

धनुष्यासोबत आलेली जुनी दोरी वापरू नका. नवी घ्या, आणि ती डेक्रॉन या पॉलिस्टर धाग्याचीच. डेक्रॉन थोडी ताणली जाते आणि बाण सुटल्यावरचा झटका स्वतः सोसते. ऐंशीच्या दशकात फास्ट फ्लाइटसारख्या जवळजवळ न ताणणाऱ्या दोऱ्या आल्या. बाण त्यांनी थोडा वेगात जातो, पण झटका थेट टोकांवर बसतो. जुन्या धनुष्यांची टोकं त्यासाठी बनवलेली नाहीत. 35 ते 45 पाउंडला बी-50 डेक्रॉनचे 12 पदर, त्याहून जास्त पाउंडला 14.

मापात एक गोम आहे. एएमओ पद्धतीत 60 इंची धनुष्याची दोरी प्रत्यक्षात 57 इंच असते, म्हणजे तीन इंच कमी. काही विक्रेते धनुष्याची लांबी सांगतात, काही दोरीची. मागवताना "60 इंची धनुष्यासाठी, दोरी 57 इंच" असं दोन्ही लिहा. धनुष्यावर माप नसेल तर दोरी उतरवलेली असताना लक्ष्याकडच्या अंगाने, वळणांना चिकटून, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत फीत लावून मोजा.

दोरी चढवल्यावर मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर पाहा. 58 ते 62 इंची धनुष्यांना साडेसात ते सव्वाआठ इंच बहुधा मानवतं. दोरीला पीळ वाढवला की अंतर वाढतं. कमीपासून सुरुवात करा, थोडा पीळ द्या, काही बाण मारा, पुन्हा पीळ द्या. एका अंतरावर येऊन धनुष्याचा खणखणाट आणि हातातली थरथर एकदम कमी होते. तेच त्याचं माप, लिहून ठेवा.

या धनुष्यांवर बाण थेट रायझरच्या कापलेल्या कट्ट्यावर ठेवून मारतात. तिथे छोटा केसाळ तुकडा आणि कुशीला चामड्याची चकती लावा. बाणाला खऱ्या पिसांचेच पंख हवेत. पीस कट्ट्याला घासताना दबतं, प्लॅस्टिकचा पंख आदळून बाण भिरकावतो. कट्ट्यापासून दोरीला काटकोनात जाणारी रेषा कल्पा, आणि दोरीवरची बाणाची जागा तिच्यापेक्षा साधारण अर्धा इंच वर ठेवून सुरुवात करा.

बाणाचा ताठपणा हा मोठा विषय आहे, पण जुन्या धनुष्यापुरतं एक कारण समजून घेतलं की पुरे. आधुनिक रायझरची खिडकी मध्यरेषेच्याही पलीकडे कापलेली असते, त्यामुळे बाण जवळजवळ सरळ निघतो. जुन्या अनेक रायझरमध्ये खिडकी मध्यरेषेपर्यंत पोहोचत नाही. बाण किंचित बाहेर रोखलेला असतो आणि सुटताना वाकून, रायझरला वळसा घालून पुढे जातो. फार ताठ बाण वाकत नाही आणि उजव्या हाताच्या धनुर्धराचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे. म्हणून आधुनिक धनुष्यासाठी बाण निवडायच्या तक्त्यातून निघणाऱ्या बाणापेक्षा थोडा मऊ बाण इथे बहुधा जमतो. ॲल्युमिनियमच्या बाणावर 1916 सारखा आकडा असतो. पहिले दोन अंक व्यासाचे, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत, आणि नंतरचे दोन नळीच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत. वजनात काटकसर नको. दर पाउंडाला आठ ते दहा ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं लहान एकक) धरा. 40 पाउंडला 320 ते 400 ग्रेनचा बाण. हलका बाण पुरेशी ऊर्जा घेऊन जात नाही, उरलेली लिम्बना सोसावी लागते. पोर्ट ऑरफर्ड सीडरचे लाकडी बाण या धनुष्यांचे मूळ सोबती आहेत, आणि तुटल्यावर त्या लाकडाचा जो वास येतो त्यासाठीसुद्धा एकदा वापरावेत. धनुष्यासोबत मिळालेले जुने बाण मात्र प्रत्येक वेळी वाकवून, कान लावून तपासल्याशिवाय दोरीला लावू नका.

चालवताना

पहिले काही दिवस लक्ष्यापासून अगदी जवळ, सात-आठ पावलांवर उभे राहा, मागे भक्कम आडोसा ठेवा आणि मध्यबिंदू विसरा. फक्त ओढणं, गालाच्या त्याच जागी हात टेकवणं आणि दोरी सोडल्यावरही हात तिथेच ठेवणं, इतकंच. नेमदर्शक नसलेलं धनुष्य नजर आणि सराव यांच्या जोरावर चालतं. बाण एकमेकांच्या जवळ पडायला लागले की मग अंतर वाढवा.

नंतरचा खरा आनंद ठरलेल्या लक्ष्यावर नाही, तो मोकळ्या रानात आहे. बोथट टोकाचे बाण घेऊन कुजलेल्या ओंडक्यांवर, मातीच्या ढेकळांवर, पानांच्या ढिगावर नेम धरत चालायचं. प्रत्येक बाणाचं अंतर वेगळं, उतार वेगळा, पायाखालची जमीन वेगळी. पुढे कुणी नाही आणि बाण चुकला तरी मातीतच जाईल, याची खात्री करून मगच ओढायचं. साठच्या दशकातली शिकारीची आखूड, हलकी धनुष्यं अशाच भटकंतीसाठी आखलेली होती, आणि हातात धरून दिवसभर चाललं की रायझरची ती बारीक मूठ तशी का घडवली हे आपोआप कळतं.

परतल्यावर दोरी उतरवा, लिम्ब पुसा, धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात एका टोकावर उभं केलं की खालच्या लिम्बला पीळ बसतो. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. बंद गाडीतली एक दुपार गोंद सुटायला पुरते. महिन्यातून एकदा कापूस आणि टॉर्च पुन्हा फिरवा, आणि चालवताना धनुष्याचा आवाज बदलला असं वाटलं तर त्याच दिवशी फिरवा.

30-35 पाउंड सहज पेलायला लागले, शंभरेक बाणांनंतरही खांदा तक्रार करत नाही असं झालं, की मग 45 चं कोडियाक किंवा हावॅट शोधायला निघा. तोवर ती बाजारात येतच राहतील. कपाटांत अजून पुष्कळ आहेत.